धागा मी घातला नव्हता

परत आलेल्या नऊवारीला मास्तर आधी नाक लावायचे. पार्सल फोडायचं, साडी झटकायची, निऱ्यांपाशी तोंड नेऊन एक लांब श्वास घ्यायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. "डोहाळजेवण. गुलाबपाणी हाये बडेबाबू, अन् वरून जिलबी." कधी म्हणायचे, "लग्न नाही हे. लग्नात बाई एवढी घामत नाही. पोरगी नाचली हाये यात. गॅदरिंग." मग ग्राहकानं परतीचं कारण काय दिलंय ते मी मोबाईलवर वाचून दाखवायचो. तिथं लिहिलेलं असायचं, ‘पाकीट उघडलेले नाही. आता गरज नाही.’

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. अमरावतीत आमच्याच गल्लीत त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान. चाळीस वर्षं त्यांनी बायकांचे ब्लाऊज शिवले. पुढे रेडिमेडनं ते काम खाल्लं, तेव्हा ते शिवलेल्या नऊवाऱ्या करू लागले. ज्या पोरींना लुगडं नेसता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय. पायजम्यासारखे पाय घालायचे, कमरेला हूक लावायचा, पदर खांद्यावर टाकायचा; निऱ्या आणि कासोटा आधीच शिवलेला. या नऊवाऱ्या ते एका ऑनलाइन कंपनीमार्फत विकत. साठी उलटल्यावर एका बोटानं मोबाईल चालवायला शिकले आणि गुवाहाटीपासून कोल्हापूरपर्यंत माल पाठवू लागले.

त्यांचं नाव मी इथं घालत नाही. जे ओळखत होते ते ओळखतील, आणि हे त्यांच्यासाठीच लिहितो आहे. गेली दोन वर्षं आमच्या गल्लीत त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. म्हातारा साडीत आपली खूण घालायचीच विसरला आणि अकोल्याच्या एका बाईला चोर ठरवून बसला. यातलं चोर ठरवल्याचं खरं आहे. विसरल्याचं खोटं आहे. मास्तर काही विसरले नव्हते. ते खोटं माझ्यामुळे पसरलं, आणि मी ते पसरू दिलं.

मी शाळेच्या ऑफिसात कारकून होतो. निवृत्त झाल्यावर घरी सकाळचा पेपर दुपारपर्यंत पुरवायचा, एवढंच काम उरलं. सून कामाला जायची, मुलगा कामाला जायचा, आणि मी बेल वाजली तर दार उघडायचो. एक दिवस मास्तर ओट्यावर येऊन म्हणाले, "बडेबाबू, तुमी घरी काय पहारा देऊन राहिले? मले एक लिहिता-वाचता येणारा माणूस पाहिजे. पगार देईन, पण त्याच्यापेक्षा चहा जास्त देईन." बडेबाबू हे नाव त्यांनीच दिलं. नोकरीत असताना मी कधीच बडाबाबू नव्हतो. माझ्यावर तिघे होते. पण त्या खोलीत मी बडेबाबू झालो, आणि खरं सांगायचं तर ते मला फार आवडलं.

माझं काम तीन प्रकारचं. मास्तर कमरेच्या नेफ्याच्या आत पेन्सिलीनं मापाचा आकडा लिहायचे, तो वाचून बाहेरून मापाचं लेबल टाचायचं. वहीत नोंद करायची. आणि पाकीट बंद करण्याआधी धागा घालायचा.

धाग्याचं सांगायला हवं. ऑनलाइन धंद्यात परतीचा जाच असतो, आणि मास्तरांना तो पहिल्या महिन्यातच कळला. लोक नऊवारी मागवायचे, एका दिवसापुरती नेसायचे आणि परत करायचे. शिवजयंती झाली की परत, पाडवा झाला की परत, शाळांची गॅदरिंगं उरकली की पोतं भरून परत. हेही ठीक. पण काही जण आमची नवी ठेवून घ्यायचे आणि तशाच रंगाची जुनी, विरलेली पाठवायचे. एकदा साडीऐवजी खिडकीचा पडदा आला, कड्यांसकट. मास्तरांनी कंपनीला फोटो पाठवले, कंपनीनं निकाल ग्राहकाच्या बाजूनं दिला. मास्तरांनी तो पडदा दुकानाच्या दाराला लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "हे आमची सगळ्यात महाग नऊवारी."

कंपनीच्या मदतकेंद्राला ते फोन लावायचे. पलीकडची मुलगी म्हणायची, "सर, आपकी असुविधा के लिए हमें खेद है." मास्तर म्हणायचे, "बाई, तू कावून खेद करते? तू थोडीच नेसली हे?" ती तेच वाक्य पुन्हा म्हणायची. मास्तर फोन ठेवण्याआधी न चुकता विचारायचे, "खाना खाया क्या?" एकदा एक मुलगी म्हणाली, नहीं सर, अभी ब्रेक नहीं हुआ. त्यानंतर मास्तरांनी त्या दिवशी तक्रारच केली नाही. म्हणाले, "उपाशी माणसासंग काय भांडा."

तर, साडी आपलीच की बदललेली हे ओळखायला त्यांनी धागा काढला. पोपटी रंगाचा, कासोट्याच्या आतल्या बाजूला, शिवणीला लागून तीन टाके. ज्याला माहीत नाही त्याला दिसणार नाही. "टॅग ग्राहकासाठी, धागा आपल्यासाठी," ते म्हणायचे. धागा मी घालायचा, त्यांनी नाही, हा त्यांचा नियम. शिवणारा वेगळा अन् खूण करणारा वेगळा, म्हणजे कोणी म्हणणार नाही की मास्तर आपल्याच मालाची साक्ष आपणच देतो.

पाकीट बंद करताना मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, तोही पुराव्यासाठी. इतर दुकानदार अर्ध्या मिनिटात उरकत असतील. मास्तरांचे व्हिडिओ पाच-पाच मिनिटं चालायचे. त्या दिवसाचा पेपर दाखवायचे, वार सांगायचे, साडीचा रंग, काठ, माप, निऱ्यांची संख्या. मग मोबाईल माझ्याकडे वळवायचे. "हे आमचे बडेबाबू. शाळेतून रिटायर झाले. धागा यायनं घातला हाये. हे खोटं बोलत नाहीत." मी मान हलवायचो. असे शेकडो व्हिडिओ कंपनीकडे गेले असतील. कोणी पाहिले की नाही देव जाणे.

आणि पोस्टकार्डं. परत आलेल्या पार्सलवर पत्ता असायचाच. ज्यांनी नेसून परत केली त्यांना मास्तर कार्ड टाकायचे. ‘चि. मुलीचा नाच चांगला झाला असेल, अशी आशा आहे. नाचताना उजव्या पायाची निरी उसवली आहे, म्हणजे पोरगी मनापासून नाचली. आशीर्वाद.’ एकदा ‘पाकीट उघडलेले नाही’ म्हणून परत आलेल्या साडीच्या पदरात मोत्यांची नथ अडकलेली निघाली. मास्तरांनी ती रजिस्टर्ड पोस्टानं परत पाठवली. सोबत कार्ड: ‘न उघडलेल्या पाकिटात ही नथ सापडली. आमच्याकडे नथी होत नाहीत. सांभाळून ठेवावी.’ आठ दिवसांनी त्या बाईनं आमच्या दुकानाला पाच तारे दिले. कारण लिहिलं होतं, ‘प्रामाणिक विक्रेता.’ मास्तर दिवसभर हसत होते. त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, आतून विचारलं, "काय झालं हो एवढं?" तर म्हणाले, "अवो, ज्यायनं फसवलं त्यायनंच सर्टिफिकेट देलं."

राग मास्तरांना यायचा, पण तो टिकायचा नाही. माणूस एका दिवसासाठी का होईना सजला, यात त्यांना कुठंतरी बरं वाटायचं. त्यांना खरा राग यायचा तो बदलून पाठवणाऱ्यांचा. "नेसली तं नेसली, तिची हौस. पण माह्या नावानं दुसऱ्याचा चिंधा पाठवते, म्हणजे मी चिंधा विकतो असं होते ना." तिथं मात्र ते हट्टाला पेटायचे.

आता माझं.

त्या वर्षी दिवाळीपासून माझ्या डोळ्यांपुढं दुधाचा पापुद्रा आल्यासारखं झालं. मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मी पुढं ढकललं. घरी सांगितलं तर दुकानात जाणं बंद होईल, ही एक भीती. दुकानात सांगितलं तर मास्तर दुसरा कोणी पाहतील, ही दुसरी. सुईत दोरा ओवायला मला आधी एक मिनिट लागायचं, मग पाच, मग जमेचना. मास्तर पाठ करून मशीनवर असायचे. मी सुई हातात धरून बसायचो आणि थोड्या वेळानं वहीत ‘धागा घातला’ या खान्यात बरोबरची खूण करायचो. सगळ्याच साड्यांना असं केलं नाही. ज्या दिवशी उजेड चांगला असेल, दोरा एका झटक्यात जाईल, त्या दिवशी घालायचो. नाही गेला तर नाही. एकदा मास्तरांनी विचारलं, "डोयाले काही तरास हाये का बडेबाबू?" मी म्हणालो, "चष्म्याचा नंबर बदललाय, नवा टाकलाय करायला." तो चष्मा कधी आलाच नाही, कारण मी टाकलाच नव्हता.

गॅदरिंगच्या दिवसांत काम इतकं वाढायचं की मास्तर कापून द्यायचे आणि जवळच्या भातकुली गावच्या दोन बाया शिवून आणायच्या. त्याच गर्दीत अकोल्याची ऑर्डर आली. हिरवी नऊवारी, माप छत्तीस, पत्ता एका शाळेचा. पाच-सहा दिवसांत ती परत आली. कारण: ‘माप चुकीचे आहे.’

मास्तरांनी नाक लावलं. "वास नाही," ते म्हणाले. पुन्हा लावलं. "नेसलीच नाही हे." मग कासोटा उलटा केला आणि तसेच थांबले. शिवणीवरून बोट फिरवत गेले, परत आले, परत गेले. "बडेबाबू, धागा नाही याच्यात."

मी वही उघडली. खान्यात माझ्याच हातची खूण होती.

"वहीत तर आहे," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. ते खोटंही नव्हतं. वहीत होतंच.

मास्तरांनी पुढं काही पाहिलं नाही. धागा नाही म्हणजे साडी आपली नाही, इथं त्यांचं गणित संपलं. आमच्या नमुन्याची नक्कल करून विकणारे बाजारात आले होतेच. शिवण भातकुलीच्या बायांची, त्यामुळे हात ओळखायचाही प्रश्न नव्हता. त्यांनी फोटो काढले, वहीचं पान जोडलं, पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ जोडला आणि कंपनीला पाठवलं. आणि त्या वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कंपनीनं निकाल मास्तरांच्या बाजूनं दिला. बाईंची परती नाकारली, पैसे अडवले. पडदा पाठवणारा सुटला, आणि ही अडकली.

मास्तरांना झालेला आनंद मला आजही आठवतो. त्यांनी गल्लीत पेढे वाटले नाहीत एवढंच. आणि मग कार्ड लिहिलं. लिहून मला वाचून दाखवलं: ‘ताईंस नमस्कार. आमची हिरवी नऊवारी आपल्याला आवडली, आनंद आहे. सुखाने नेसा. पण तिच्या बदल्यात दुसऱ्याची पाठवली ते बरे केले नाही. शाळेत मुलींना हे शिकवू नका.’

"शेवटचं वाक्य काढून टाका," मी म्हणालो.

"कावून?"

कार्ड तसंच गेलं.

दहा-बारा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, दाराचा तो पडदा बाजूला करून एक बाई आत आल्या. तिशीच्या असतील. खांद्याला पिशवी, अकोल्याहून पहिल्या गाडीनं आलेल्या. "मास्तर तुमीच का?" त्यांनी विचारलं. मास्तर हो म्हणाले. त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं आणि मशीनवर ठेवलं.

"हे वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा. आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यायनं वाचलं. मले मिळालं ते सगळ्यायच्या शेवटी. आता तुमीबी वाचा."

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं ठणठणीत आवाजात. शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज इतका खाली आला की मला फक्त ओठ हलताना दिसले.

"मी तिथं कंत्राटावर शिकवते," त्या म्हणाल्या. "हे साडी माह्यासाठी नव्हती. गॅदरिंगच्या नाचात नऊ पोरी होत्या, आठजणींच्या घरी नऊवारी निघाली. नववीसाठी बाकीच्या पोरींच्या घरून वर्गणी काढून मी मागवली. लेबल छत्तीसचं, अन् हूक लागेना. चार बोटं कमी. ते पोरगी मांगं उभी राहून पंजाबी ड्रेसवर नाचली. मी परत केली, का बा सगळ्यायचे पैसे देऊन टाकू. आता पैसेबी नाही अन् साडीबी नाही. अन् वरून हे कार्ड. पालक इचारून राहिले, मॅडमनं साडी कुठं ठेवली म्हणून."

मास्तरांनी माझ्याकडे वळून, अगदी हळू, विचारलं, "बडेबाबू, धागा घातला होता ना?"

तिथं मी सांगू शकलो असतो. खोलीत तिघंच होतो. मी वर पाहिलं तर त्या बाईंचा चेहराही मला नीट दिसत नव्हता, नुसता एक धूसर आकार, माझ्याकडे वळलेला.

"घातला होता," मी म्हणालो.

"काका," त्या मला म्हणाल्या, "तुमी माह्या बापाच्या वयाचे आहात. तुमी म्हणता तं असन. पण उद्या सोमवार हाये. मी शाळेत जाऊन काय सांगू, तेवढं तरी सांगा." त्यांनी कार्ड उचललं, पिशवीत ठेवलं. वहिनी आतून चहा घेऊन आल्या होत्या. बाई म्हणाल्या, "नको माय, गाडी हाये," आणि गेल्या.

मास्तरांनी फळीवरून ती हिरवी साडी काढली. या वेळी नाक लावलं नाही, कासोटा पाहिला नाही. नेफा उलटा केला. आत पेन्सिलीनं त्यांच्याच हातचा आकडा होता. तो त्यांनी दाराशी उजेडात नेऊन पाहिला. बाहेर लेबल छत्तीसचं, आत आकडा बत्तीस. मला ते त्यांच्या तोंडून कळलं, कारण मला तर दोन्ही सारखेच दिसत होते. "बत्तीस," ते स्वतःशीच म्हणाले. "साडी आपलीच हाये."

मी वाट पाहत होतो. आता विचारतील, आता ओरडतील. त्यांनी साडीची घडी घातली, फळीवर ठेवली आणि म्हणाले, "बडेबाबू, चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तर माझ्या जागेवर, टाचण्यांच्या उशीत, वीसेक सुया ओळीनं खोचलेल्या होत्या. प्रत्येकीत पोपटी दोरा ओवलेला, शेवटाला गाठ मारलेली. मास्तर पाठ करून मशीन चालवत होते. मी बसलो आणि एक सुई उचलली. पुढं दुकान बंद होईपर्यंत रोज सकाळी त्या सुया तशाच तयार असायच्या.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला एक कागद दिला. "शाळेले पत्र लिहिलं. शुद्धलेखन पाहून घ्या." मी कागद खिडकीशी नेला. त्यांनी लिहिलं होतं की बाई निर्दोष आहेत. मापाचं लेबल मी चुकीचं लावलं, खूण घालायला मी विसरलो, आणि बाईंना खोटं ठरवणारं कार्डही मीच लिहिलं. दोष सर्वस्वी माझा. प्रत्येक वाक्यात मी, मी, मी. खाली त्यांची सही.

मी म्हणालो, "मास्तर, हे..."

"वेलांटी पाहा," ते म्हणाले. "मास्तरणी वाचतीन."

मी ‘निर्दोष’मधली वेलांटी सुधारली आणि कागद परत दिला. माझ्या आयुष्यात मी शेकडो कागद तपासले, पण त्या वेलांटीइतकी लाज मला कशाची वाटत नाही.

पत्र पोस्टानं पाठवा, मी सुचवलं. मास्तर म्हणाले, "कार्ड उघडं गेलं. माफी पाकिटात कशी पाठवू?" छत्तीस मापाची नवी हिरवी नऊवारी त्यांनी स्वतः बसून शिवली, धागा घालायला मला दिली, आणि एकटेच अकोल्याला गेले. मी येतो म्हणालो तेव्हा म्हणाले, "दुकान कोण पाहीन?" मला सुटल्यासारखं झालं, हेही लिहून ठेवतो.

शाळेच्या परिपाठात, सगळ्या मुलींसमोर, त्यांनी ते पत्र उभं राहून वाचलं. साडी बाईंच्या हातात दिली. कोणा शिक्षकानं मोबाईलवर ते टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अमरावतीत फिरू लागला. वर कोणी लिहिलं होतं, ‘ग्राहकाला चोर म्हणणाऱ्या दुकानदाराला घडली अद्दल.’ बाईंचं नाव साफ झालं. मास्तरांनी कंपनीलाही लिहिलं, आमचा दावा चुकीचा होता, ताईंचे पैसे द्या. कंपनीनं पैसे दिले आणि मास्तरांचं दुकान आपल्या यादीतून काढून टाकलं. खोटा दावा करणारा विक्रेता, म्हणून. पडदा पाठवणारे मात्र त्यांना कधी सापडले नाहीत.

गल्लीत लोक त्यांना हाक मारून विचारायचे, "काय मास्तर, धागा घातला का आज?" मास्तर म्हणायचे, "घातला बाप्पा, पाह्यतं का?" आणि पुढं जायचे. मी बाजूनं चालत असायचो.

पुढं त्यांनी शिवणकामही बंद केलं. मला वाटलं, मन उडालं. या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता.

त्यानंतर महिन्याभरानं मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. मग अकोल्याला गेलो. बाई अजून त्याच शाळेत आहेत. स्टाफरूमच्या दाराशी उभ्या राहूनच त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "काका, मास्तर त्या दिवशी परिपाठात उभे होते तवा मी त्यायच्याकडे पाहूनबी राहिली नव्हती. साडी घेतली अन् पाठ फिरवली. तुमी तवा सांगितलं असतं तं मी त्यायले पाणी तरी विचारलं असतं." मग म्हणाल्या, "घरच्यायले सांगितलं का? त्यायच्या?"

सांगितलं नव्हतं. गाडीत परत येताना अडीच तास मी हेच मनात घोळवत होतो. दोन दिवस आणखी गेले, आणि मग वहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर सुपात तूर निवडत होत्या. मी डोळ्यांपासून सुरुवात केली आणि वेलांटीपर्यंत आलो. त्यांचा हात मधेच थांबला होता.

"म्हणजे ते विसरले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"लेबलबी त्यायनं नव्हतं लावलं."

"नाही वहिनी. मी."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तो व्हिडिओ आला तवा मी दोन महिने त्यायच्यासंग बोलली नाही. त्या पोरीचं नाव खराब केलं म्हणून. अन् बोलली ते काय बोलली, तं म्हटलं, तुमचा हात आता भरवशाचा राहिला नाही. मशीनवर नका बसत जाऊ. दुसऱ्या दिवशी त्यायनं मशीनवर चादर टाकली. मले म्हणाले, बरोबर हाये तुवं."

मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं मी असं समजत होतो की त्यांनी फक्त लोकांचं ऐकून घेतलं.

मी उठलो. वहिनी म्हणाल्या, "उद्या पोरगा येणार हाये पुण्याहून. तोबी असंच समजते, का बाबाले शेवटी शेवटी काही समजत नव्हतं. त्याच्यासमोर सांगसान?"

"सांगतो."

"सकाळी या. दुपारच्या गाडीनं जाते तो."

मी सातलाच गेलो. वहिनींनी माझ्यासाठी खुर्ची टाकली होती, पण घरात नाही, बाहेर ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून. मुलगा पायरीवर बसला होता. आणि गल्लीतले सात-आठ जण, मास्तरांना हाका मारणारे तेच, अंघोळी न करता येऊन उभे होते. वहिनींनी एकेकाच्या दारात जाऊन बोलावून आणलं होतं त्यांना. मी खुर्चीत बसलो. वहिनी दाराच्या चौकटीला टेकल्या आणि म्हणाल्या, "हं बडेबाबू. सांगा यायले. मले ऐकू आलं पाहिजे इथपर्यंत."